कुत्र्याचा विमा आणि गाईचा बिल्ला

कुत्र्याच्या आजारपणाचा विमा निघतो, ही बातमी आमच्या शिरूर भागात तशी उशिराच पोहोचली. पुण्याच्याच बजाज अलियान्झ कंपनीने २०२० साली पाळीव कुत्र्यांचा विमा बाजारात आणला आणि पाठोपाठ आणखी काही कंपन्या आल्या. पण ते वर्ष करोनाचे. माणसांनाच दवाखान्यात खाट मिळत नव्हती, तिथे कुत्र्याच्या विम्याची जाहिरात वाचायला सवड कोणाला होती? आता दिवस पालटले आहेत. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने शिरूरला पगारदार तरुण जोडपी आणली, त्यांच्यासाठी इमारती उभ्या राहिल्या आणि त्या इमारतींतून लॅब्रॅडॉर, पग, पामेरियन अशी पाहुणेमंडळी राहू लागली. जुन्या घोडनदी गावात कुत्रे दारात असे. आता ते सोफ्यावर असते. त्यात माझी तक्रार काही नाही. सोफ्यावरच्या कुत्र्यालाही ताप येतो, आणि आला की त्याचा खर्च दारातल्या कुत्र्यापेक्षा बराच जास्त असतो, एवढेच.

माझा भाचा अशांपैकीच एक. त्याचा ब्रुनो तीन वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात ब्रुनोला गोचीडताप झाला. रक्ताच्या तपासण्या, सलाईन, पुण्याला चार खेपा आणि दोन रात्री दवाखान्यात मुक्काम. सगळे मिळून तेवीस हजार रुपये झाले. ब्रुनो बरा झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात भाच्याने मला विचारले, "मामा, तुम्ही आयुष्यभर बँकेत विम्याचे फॉर्म भरलेत. ब्रुनोचा विमा काढू का?"

ही गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, कानावर गेली. ती भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात, पारगावजवळच्या वस्तीवर राहते. चार संकरित गाया, दोन शेळ्या, थोडा ऊस आणि दूध डेअरीचे खाते, असा तिचा प्रपंच. तिचा लगेच फोन आला. "दादा, कुत्र्याचा विमा निघतोय व्हय? मग माझ्या गायांनी काय घोडं मारलंय?"

खरे म्हणजे तिचा प्रश्न भाच्याच्या प्रश्नापेक्षा जुना आहे. जगातही हा क्रम असाच आहे. स्वीडनमधली ॲग्रिया ही जनावरांच्या विम्याची कंपनी १८९० सालची. तिने सुरुवात घोड्यागुरांपासून केली आणि कुत्र्याचा विमा आला तो १९२४ साली. आज त्या देशात बहुतेक कुत्री विमा उतरवलेली असतात. अमेरिकेत कुत्र्याच्या आजारपणाची पहिली पॉलिसी १९८२ साली निघाली, तीही दूरदर्शन मालिकेतल्या लॅसी नावाच्या प्रसिद्ध कुत्रीची. आधी पोट भरणारे जनावर आणि मग जीव लावणारे, असा तो प्रवास आहे. आपल्याकडे तो अर्ध्या वाटेवर आला आहे आणि आमच्या घरात तर दोन्ही टोके एकाच कुटुंबात, मधे फक्त नदी.

मी बँकेत लागलो १९८४ साली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला दोन म्हशी किंवा दोन गाया कर्जाऊ, त्यावर सरकारी अनुदान, आणि कर्जाबरोबर जनावराचा विमा सक्तीचा. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या शाखांमधून मी असे किती फॉर्म भरले असतील याची गणती नाही. जनावराचा रंग, शिंगांची ठेवण, शेपटीचा गोंडा, कपाळावरचा चांद, वेत कितवे, दूध किती. शेवटी पशुवैद्यकाचा दाखला आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर. शेतकरी सही करायचा, पण विमा कोणाचा असे विचारले तर सांगायचा, "बँकेचा". आणि ते अगदीच चूक नव्हते. पॉलिसी बँकेच्या कपाटात असे, हप्ता कर्जातून परस्पर कापलेला असे, आणि जनावर मेले तर आलेली रक्कम आधी कर्जखात्यात जमा होई. ज्याच्या दावणीला जनावर होते त्याने पॉलिसीचे तोंडही पाहिलेले नसे.

यातून जो घोळ होतो तो सांगितला पाहिजे, कारण तो आजही होतो. गुरांच्या विम्यात एक नियम सगळ्यांत वरचा : बिल्ला नाही तर भरपाई नाही. मेलेल्या जनावराची ओळख त्या बिल्ल्यावरून पटते, म्हणून दाव्याच्या कागदांबरोबर बिल्ला परत द्यावा लागतो. हा नियम का आला हेही उघड आहे. एकाच मेलेल्या म्हशीवर दोघांनी पैसे मागायचे, जिवंत जनावराचा कान कापून बिल्ला आणायचा, असले उद्योग त्या काळात सर्रास चालत. पण नियमाचा फटका बसे तो प्रामाणिक माणसाला. आमच्या शाखेचा एक खातेदार होता. त्याच्या म्हशीचा बिल्ला तारेच्या कुंपणात अडकून तुटला. कान फाटला, त्याने हळद भरली, कान बरा झाला. बिल्ला तुटल्याचे कळवून नवा मारून घ्यायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. महिन्याभरात म्हैस पोट फुगून मेली. पंचनामा झाला, शवविच्छेदन झाले, सरपंचाचा दाखला झाला. विमा कंपनीने दोन ओळींचे पत्र पाठवून दावा नाकारला. पुढची तीन वर्षे तो मेलेल्या म्हशीचे हप्ते भरत होता. विम्यावर विश्वास का ठेवत नाही असे आमच्या भागातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा, प्रत्येकाकडे अशी एक म्हैस असते.

तरीही बहिणीला मी सांगितले की गायांचा विमा काढ. का, त्याचा हिशेब मांडतो.

तिची चांगली गाय आज ऐंशी हजारांची धरू. विम्याचा वर्षाचा हप्ता साधारण रकमेच्या तीन ते पाच टक्क्यांच्या दरम्यान पडतो. चार टक्के धरला तर ३,२०० रुपये. गाय दिवसाला बारा लिटर दूध देते, लिटरला बत्तीस रुपये भाव धरला तर दिवसाचे ३८४ रुपये. म्हणजे वर्षाचा हप्ता हा साधारण सव्वाआठ दिवसांच्या दुधाएवढा झाला. ऐकायला थोडा वाटतो, पण पेंड, मुरघास आणि डॉक्टर वजा करून हातात जे उरते त्याच्याशी तोलला तर तो महिन्याभराच्या कमाईला हात घालतो. म्हणून सरकारी अनुदानाला महत्त्व. केंद्र सरकारची पशुधन विमा योजना २००५-०६ मध्ये शंभर जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली, तेव्हा निम्मा हप्ता सरकार भरत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल केले आणि पशुपालकाचा वाटा सरसकट १५ टक्क्यांवर आणला. बाकीचा केंद्र आणि राज्याने ६०:४० असा वाटून घ्यायचा. या हिशेबाने बहिणीचा ३,२०० चा हप्ता ४८० रुपयांवर येतो, म्हणजे सव्वा दिवसाचे दूध. योजनेत नंबर लागला तर विचार करायलाही बसू नये. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात जाऊन विचारायचे, आणि एकदा नाही, चार वेळा विचारायचे.

"आन् गाय आजारी पडली, डॉक्टर आला, तर ते पैसे मिळतील ना?" बहिणीने विचारले.

नाही मिळणार. इथेच बहुतेकांची गफलत होते. गाईचा विमा हा आजारपणाचा विमा नव्हेच. तो मरणाचा विमा आहे. अपघाताने, रोगाने किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी जनावर मेले तर पैसे. औषधपाण्याचा छदामही नाही. विमा काढल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांत रोगाने मेले तरी सहसा नाही. चोरी झाली तर नाही, आणि उपचारात हयगय केली असे ठरले तर नाही. आणि गोठ्यात खरे नुकसान कशाने होते? बहिणीच्या वहीत मी पाहिले. गेल्या वर्षी चार गायांवर डॉक्टर आणि औषधे मिळून अकरा हजार रुपये गेले, त्यातला मोठा भाग कासदाहाचा. गाय मेली नाही, पण एक सड कायमचा बंद पडला, दूध तीन लिटरने उतरले आणि बाजारातली किंमत पंधरा-वीस हजारांनी खाली आली. विम्याच्या भाषेत इथे काहीच घडलेले नाही.

याहून अवघड दुखणे म्हणजे गाय जगते पण गाभण राहत नाही, किंवा पाय अधू होऊन उठत नाही. मेली तर ऐंशी हजार; जगली तर रोजची वैरण आणि पदरात शून्य. राज्यात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्या कायद्याखाली आले. कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याची ही जागा नाही. पण भाकड जनावराला गिऱ्हाईक उरलेले नाही, ही वस्तुस्थिती गोठ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा घरात मरणाचाच तेवढा विमा असला तर माणसाच्या मनात नको ते विचार येतात. पंधरा हजार खर्चून पाय बरा करावा की वाट पाहावी? मी बँकेच्या खुर्चीतून अशा नजरा पाहिल्या आहेत. त्या माणसांना दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून बहिणीला मी एक गोष्ट बजावून सांगितली : फॉर्मवर 'कायमचे संपूर्ण अपंगत्व' असा जोड-विमा असतो, तो घे. थोडा जास्त हप्ता पडतो, पण गाय कायमची दुधातून किंवा गाभण राहण्यातून गेली तर विमा रकमेच्या साधारण पाऊण हिस्सा मिळतो. पुष्कळ ठिकाणी एजंट हा जोड-विमा सांगतच नाहीत, कारण त्याचे दावे भांडणाचे असतात. आपण होऊन मागावा लागतो.

लम्पीच्या वेळी याचा अनुभव सगळ्यांनीच घेतला. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात साथ दिसली आणि बघता बघता राज्यभर पसरली. अंगावर गाठी, ताप, पायाला सूज, दूध आटलेले. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना मोफत टोचली गेली. सरकारने मेलेल्या दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये अशी मदत दिली. बहिणीची तेव्हाची सगळ्यांत चांगली गाय, तिसऱ्या वेताची, त्यात गेली. तीस हजार मिळाले, सरकारचे आभार मानले पाहिजेत. पण त्या पैशांत तशी गाय येत नव्हती. उरलेले पंचेचाळीस हजार तिने सोन्याच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केले. त्या पाटल्या सोडवायला दीड वर्ष लागले. मला विचाराल तर विम्याची खरी किंमत या दीड वर्षात मोजावी. वर्षाला किती हप्ता आणि किती वर्षांत वसूल, या गणिताला फारसा अर्थ नाही. विमा वसूल होण्यासाठी काढायचा नसतो. जो फटका घर सोसू शकत नाही त्याच्यासाठी काढायचा असतो. चार गायांच्या घरातली एक गाय म्हणजे पाव उत्पन्न. चाळीस गायांच्या गोठेवाल्याला एक गाय मेली तर वाईट वाटते. चारवाल्याचे वर्ष बुडते.

याच फुटपट्टीने ब्रुनोचे काय?

भाच्याने आणलेली पॉलिसी मी चष्मा लावून दोन संध्याकाळ वाचली. वर्षाला सहा हजारांच्या घरात हप्ता. मोठी शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात दाखल करून केलेले उपचार यांचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत, त्यातही वीस टक्के आपल्या खिशातून. पहिले काही आठवडे संरक्षण नाही. लसीने टळणारा रोग लस न टोचता झाला तर नाही. आधीचे दुखणे नाही, जन्मजात किंवा वंशपरंपरेचे दोष नाहीत. आणि लॅब्रॅडॉरला खुब्याचे दुखणे असते ते बहुतेक वेळा वंशाचेच. लस, जंतांचे औषध, दातांची सफाई हा खर्च अर्थातच आपला. ब्रुनोच्या त्या तेवीस हजारांपैकी दाखल असलेल्या दोन दिवसांचे बिल नऊ हजारांचे होते. ही पॉलिसी तेव्हा असती तर सात हजार दोनशे मिळाले असते. उरलेले तपासण्यांचे आणि येण्याजाण्याचे, ते नाहीत.

मी भाच्याला विचारले, समजा उद्या ब्रुनोने मोजा गिळला (लॅब्रॅडॉर काहीही गिळतात) आणि डॉक्टरांनी पन्नास हजारांची शस्त्रक्रिया सांगितली, तर काय करशील? तो म्हणाला, "करीन, मामा. क्रेडिट कार्डावर करीन, पण करीन." मग तुला विम्याची गरज नाही, मी म्हणालो. महिन्याला पाचशे रुपये आवर्ती ठेवीत टाक. बारा महिन्यांचे सहा हजार. लॅब्रॅडॉर दहा-बारा वर्षे जगतो, आणि म्हातारपणी जेव्हा खरा खर्च येतो तेव्हा कंपन्या वयाची अट पुढे करतात; तुझी ठेव करणार नाही. गोचीड लागू देऊ नकोस, लसी वेळेवर टोच, वजन वाढू देऊ नकोस. हाच निम्मा विमा.

पण त्याच्या बायकोचे म्हणणे वेगळे पडले, आणि ते मला डावलता आले नाही. ती म्हणाली, "मामा, ठेव भरायला दहा वर्षं लागतील. मोजा पुढच्या महिन्यात गिळला तर?" बरोबर आहे. ठेव हळूहळू भरते, संकट थांबत नाही. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही, ज्याला पन्नास हजार ऐकताच नाही म्हणावे लागेल आणि ते नाही आयुष्यभर टोचत राहील, त्याने तीन-चार वर्षांपुरता, ठेव भरेपर्यंत, विमा घ्यायला माझी हरकत नाही. फक्त हप्त्याकडे बघू नये, वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचावी. पहिले पान कंपनीने आपल्यासाठी लिहिलेले असते, शेवटची पाने स्वतःसाठी. त्या दोघांनी शेवटी काय ठरवले ते त्यांचे त्यांना माहीत. निदान मला अजून कळलेले नाही.

बहिणीने मात्र दुधावरच्या दोन गायांचा विमा काढला. म्हातारी गाय आणि कालवड तशाच ठेवल्या, आणि ते शहाणपणाचे झाले. बिल्ल्यांचे एक बरे आहे की आता तसेही टळत नाही. बारा आकडी पिवळा बिल्ला राज्यात सगळ्याच गुरांना लागतो. १ जून २०२४ पासून त्याच्याशिवाय खरेदी-विक्री करायला बंदी आहे. बहिणीने चारही नंबर वहीत लिहून त्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवले आहेत. पॉलिसीची प्रत बँकेच्या कपाटात नाही, देवघराच्या फळीवर आहे.

राहता राहिला मोत्या. मोत्या हा तिच्या वस्तीवरचा कुत्रा. जात विचाराल तर गावठी, किंमत विचाराल तर काही नाही. आमच्या दोन्ही तालुक्यांत उसाने बिबट्या आणला. शिरूर तर जुन्नर वनविभागातच येतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूरच्या पिंपरखेडमध्ये बिबट्याने माणसे मारली, तेव्हा शेतात जाणाऱ्या बायांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले होते. ते पट्टे मूळचे धनगरांच्या कुत्र्यांचे. बिबट्याने गाय मारली तर वनखाते भरपाई देते; अट एवढीच की लगेच कळवायचे आणि पंचनामा होईपर्यंत जनावर हलवायचे नाही. कुत्रा नेला तर काही नाही. बिबट्याच्या तोंडी सगळ्यांत आधी जातो तो मात्र कुत्राच. तो भुंकतो म्हणून गोठ्यातली माणसे जागी होतात.

मोत्याचा विमा कोणती कंपनी काढील असे मला वाटत नाही, आणि बहिणीनेही विचारले नाही. तिने त्याला खिळ्यांचा पट्टा आणला. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला डॉक्टर वस्तीवर आले की त्यालाही रेबीजची टोचून घ्यायची, असे ठरले आहे. अडचण एकच, डॉक्टरांची मोटारसायकल ऐकली की तो उसात पळतो. म्हणून आदल्या रात्रीच त्याला गोठ्यात बांधून ठेवावे लागते.